आठ-तेराची गाडी आणि जांभोरी मैदान

डोंबिवलीच्या एका गृहस्थांचा हा प्रश्न. वय साठ. फोर्टातल्या नोकरीतून निवृत्त होऊन अकरा महिने झाले. एकतीस वर्षं सकाळची आठ-तेराची लोकल आणि डब्यात सोळा जणांचा ग्रुप. निवृत्तीनंतर दोन महिने फोन आले, आता ग्रुपवर फुलांचे फोटो आणि सुप्रभात एवढंच. लहानपण वरळीच्या बीडीडी चाळीत गेलं. तिथल्या लंगोटीयाराशी नऊ वर्षांपूर्वी दीड लाख रुपयांवरून बिनसलं. ते लिहितात, 'उसने दिलेले पैसे मी मोबाइलवर मेसेज करून मागितले. त्यानं आठ दिवसांत मुलाच्या हाती सगळे पाठवून दिले आणि बोलणं बंद केलं.' गेल्या ऑगस्टमध्ये वरळीत चाळींच्या जागी बांधलेल्या नव्या घरांच्या चाव्या दिल्याची बातमी त्यांनी पेपरात वाचली. 'फोटोत त्याचा चेहरा शोधत बसलो. आई गेल्यापासून मला चाळीतल्या नावानं हाक मारणारा तो एकटाच उरलाय. बायको म्हणते, या वयात मित्र-बित्र काय, नातवंडांत रमा. मी उगाच हळवा होतोय का? आणि गाडीतले ते सोळा जण मग माझे कोण होते?'

हळवे होताय खरे, पण उगाच नाही.

मी दादरला अठ्ठावीस वर्षं समुपदेशन करते. त्याआधी काही वर्षं एका सार्वजनिक रुग्णालयाच्या मनोविकार विभागात काम केलं. एवढ्या काळात 'मला मित्र नाहीत' अशी तक्रार घेऊन आलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतील. लोक येतात ते झोप लागत नाही म्हणून, छातीत धडधडतं म्हणून, घरात रोज खटके उडतात म्हणून. तिसऱ्या-चौथ्या भेटीला मी विचारते, 'शेवटचं पोट धरून कधी हसलात, आणि सोबत कोण होतं?' बायका जरा विचार करून उत्तर देतात. तुमच्या वयाचे पुरुष बहुतेक वेळा खिडकीबाहेर बघतात. तुम्ही आपणहून हा प्रश्न विचारलात, तेव्हा अर्धं काम तुम्हीच केलंय.

आधी आकडे सांगते, म्हणजे घरात दाखवायला बरे. अमेरिकेतल्या संशोधक ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात ३,०८,८४९ माणसं होती आणि सरासरी साडेसात वर्षांचा पाठपुरावा होता. ज्यांची माणसांशी नाती भक्कम होती, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा पन्नास टक्क्यांनी जास्त निघाली. हार्वर्डचा जो अभ्यास १९३८ साली ७२४ मुलग्यांपासून सुरू झाला आणि आजही चालू आहे, त्यातही तेच दिसलं. पन्नाशीत जे आपल्या नात्यांबद्दल समाधानी होते, ते ऐंशीत जास्त धडधाकट होते. पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरून तेवढा अंदाज बांधता येत नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहांपैकी एकाला एकटेपणा जाचतो.

याला दोन पुरवण्या जोडते, कारण असे आकडे सुप्रभातच्या फुलांसारखे फिरत असतात. एक म्हणजे यातली 'नाती' नुसती मित्रांची नाहीत, घरचीही त्यात आली. दुसरं, आजारी माणसाकडचं येणंजाणं आपोआपच कमी होतं, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे दर वेळी सुटं करता येत नाही. आणि खासगीत सांगायचं तर आकडे ऐकून कोणी उठून मित्राला फोन लावल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही.

आता तुमचे सोळा जण.

जातानाचा एकच तास धरू. वर्षाचे अडीचशे दिवस, एकतीस वर्षं, म्हणजे साडेसात हजारांच्या वर तास झाले. जेफ्री हॉल नावाच्या अमेरिकन संशोधकानं २०१८ साली हिशेब मांडला होता, की नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला पन्नासेक तास लागतात आणि जिवाभावाची व्हायला दोनशेच्या वर. त्या मापानं तुमच्याकडे जिवाभावाचे मित्र पोत्यानं असायला हवेत. ते नाहीत, कारण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली होती. नोकरीच्या ठिकाणी नाइलाजानं सोबत घालवलेल्या तासांनी जवळीक तेवढी वाढत नाही. आपण होऊन दिलेल्या वेळानं वाढते. लोकल या दोन्हींच्या मधोमध आहे. गाडी पकडायलाच लागते, पण कोणाच्या शेजारी उभं राहायचं ते आपण ठरवतो.

गाडीची मैत्री खोटी असते असं मी कधीच म्हणणार नाही. रुमाल टाकून जागा धरणं, तिघांच्या बाकावर चौथा अर्धा माणूस बसवणं, दसऱ्याला डब्याला हार-तोरणं, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं की डबाभर पेढे, हे सगळं खरंच असतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा कितीतरी माणसं रुळांवरून चालत घरी पोचली ती याच ग्रुपच्या भरवशावर. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली, आणि पुढच्या वर्षभरात माझ्याकडे फोनवर बोलायला आलेल्यांपैकी एक जण अक्षरशः एका डब्यासाठी रडला होता. पन्नाशीचा माणूस. घरात सगळं ठीक, पगार चालू. 'मॅडम, मला कोणी शिव्या देत नाही हो आता,' म्हणाला. मला हसूही आलं आणि घशात काही अडकलंही.

पण या मैत्रीला एक अलिखित अट असते. ती गाडीच्या वेळापत्रकावर चालते. ती टिकवायला तुम्हाला काहीही करावं लागत नव्हतं. फोन करा, दिवस ठरवा, कोणाच्या घरी जा, यातलं काही नाही. रेल्वेच रोज सकाळी आठ-तेराला तुमची सगळ्यांची भेट घडवून आणत होती. तुम्ही ग्रुपमधून बाहेर पडलात ते त्या लोकांनी टाकलं म्हणून नाही. तुमचा पास संपला, एवढंच. तुमच्या आधी जे चार-पाच जण निवृत्त झाले असतील, त्यांना तुम्ही किती फोन केलेत ते एकदा आठवा. टोमणा म्हणून विचारत नाहीये. ते आठवलं की सोळा जणांवरचा राग बराच उतरतो.

मुंबईकरांबद्दल माझं हे मत वर्षागणिक घट्ट होत गेलंय. आपण समजतो, आपण मैत्री टिकवली. प्रत्यक्षात ती जागेनं टिकवलेली असते. गिरणीची पाळी, खानावळीची पंगत, नाक्यावरचं कटिंग, मंडळाचा गणपती, शिवाजी पार्कचा कट्टा यांनी. तुमची चाळ त्यातली सगळ्यात मोठी. बीडीडीच्या चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. १६० चौरस फुटांची एक खोली, मधला पॅसेज, समोरासमोर दारं, मजल्यावरचे सामाईक संडास. तिथे शेजाऱ्याशी मैत्री करायची की नाही हा प्रश्नच नव्हता, त्याला टाळायला जागाच नव्हती. आता त्याच वरळीत ५०० चौरस फुटांचं घर आहे आणि दार लावून घेता येतं. मी चाळीच्या नावानं उसासे टाकणाऱ्यांतली नाही. नवरा मारतोय हे पूर्ण मजल्याला ऐकू जात असताना जगलेल्या बायका मी ऐकल्या आहेत. दार लावता येणं ही त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. पण दार लागलं की जागेनं फुकटात केलेलं काम आपल्याला करावं लागतं, आणि त्याची सवय आपल्यापैकी कोणालाच नाही.

आता त्या एका मित्राकडे येते, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्रेसष्ट वर्षांच्या एका माणसाला त्याचा मुलगा घेऊन आला. दोन महिने बोलणं बंद, जेवण अर्ध्यावर, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. मुलगा, सून, बायको सगळे एकच सांगत होते, 'बाबा असे कधीच नव्हते, अगदी हसरे.' मी लिहून घेत होते. सोबत एक मित्र आला होता, रिक्षा मिळवून द्यायला म्हणून. तो दाराशी उभा होता. तो म्हणाला, 'असा होता की. संपात होता.'

गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. हा माणूस तेव्हा विशीतला बदली कामगार. त्या पावसाळ्यात तो असाच चार महिने भिंतीकडे तोंड करून पडला होता. गावी नेलं, देवाचं केलं, पुढे आपोआप उठला. लग्न त्यानंतर चार वर्षांनी झालं. बायकोला काही माहीत नव्हतं, मुलांना तर नाहीच, आणि तो स्वतः ते कधी बोलला नव्हता. जगात ही एक गोष्ट आता फक्त दाराशी उभ्या असलेल्या त्या माणसाला ठाऊक होती. आमच्या कामात ही माहिती फार मोलाची असते. नैराश्याचा हा पहिला झटका की दुसरा, यावर औषध किती काळ चालू ठेवायचं हे डॉक्टर ठरवतात. एका वाक्यानं उपचारांची दिशा बदलली.

जुन्या मित्राचं मोल मला तिथे कळलं. मदत काय, शेजारीही करतो. गप्पा काय, परक्याशीही होतात. पण तुमच्या आयुष्याची आधीची पानं वाचलेला माणूस नवीन बनवता येत नाही. बायकोनं तुम्हाला पाहिलं ते नोकरी लागल्यावर. मुलांनी पाहिलं ते बाप झाल्यावर. ऑफिसनं पाहिलं ते टेबलामागे. चाळीजवळच्या जांभोरी मैदानात हरल्यावर रडणारा मुलगा पाहिलेला माणूस तो एकटा. तुम्ही लिहिलंय की त्या नावानं हाक मारणारं आता दुसरं कोणी नाही. पूर्ण पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे वाक्य, दीड लाखांचं नाही.

एक प्रयोग मला आवडतो, जरी तो अगदी छोटा असला आणि त्यावरून फार काही सिद्ध होत नसलं तरी. विद्यार्थ्यांना पाठीवर जड पिशवी देऊन एका टेकडीच्या पायथ्याशी उभं केलं आणि चढ किती वाटतो ते विचारलं. काही एकटे होते, काहींसोबत मित्र होता. मित्र शेजारी असलेल्यांना चढ कमी वाटला, आणि मैत्री जितकी जुनी तितका आणखी कमी. २००८ चा हा अभ्यास. शास्त्र म्हणून मी त्यावर पैज लावणार नाही. पण तुमच्या वयाला समोर कुठला चढ आहे ते आपल्या दोघांनाही माहीत आहे.

तुमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं मी धुडकावत नाही. वय वाढलं की माणसाचा गोतावळा आक्रसतो, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. लॉरा कारस्टेन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलंय. हातात वेळ कमी उरलाय असं वाटू लागलं की माणूस ओळखीपाळखी सोडून देतो आणि मनाच्या जवळची थोडकी नाती धरून ठेवतो. म्हणून सोळाचे दोन झाले तर हरकत नाही. मात्र नातवंडं मित्राच्या जागी बसवू नका. नातवासमोर तुम्ही नेहमी आजोबाच असता. त्याला तुमची भीती सांगता येत नाही, सांगूही नये.

आपल्याकडे नवविधा भक्तीत सख्य आठवं आहे. दास्याच्या पुढे, आत्मनिवेदनाच्या एकच पायरी आधी. श्रवण-कीर्तनापासून सुरुवात करून, देवाचा दास होऊन झाल्यावर माणूस त्याचा सखा होतो. ज्यांनी हा क्रम लावला त्यांना मैत्री ही पोरवयातली मौज वाटत नव्हती, हे उघड आहे.

आणि जरा वाट सोडून बोलते, पण घरात विचारा. तुमच्या पत्नीच्या मैत्रिणी कुठे आहेत? 'मित्र-बित्र काय' असं म्हणणारी बाई बहुतेक वेळा स्वतःच्या मैत्रिणी कधीच्या मागे सोडून आलेली असते. लग्न झालं की आडनाव बदलतं, कधी नावही, मग शाळेतल्या मैत्रिणीनं शोधायचं तरी कोणाला? जुन्या मैत्रिणी मोबाइलवर सापडल्या तेव्हा पन्नाशीतल्या बायका कशा खुलल्या ते मी पाहिलंय. नोकरी करणाऱ्यांना निदान लेडीज डबा मिळाला. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, आणि त्या गाडीत मटार सोलता सोलता किती संसार सावरले गेले असतील याची नोंद कुठल्याच अहवालात नाही. तुमच्या पत्नी नोकरीवर नसतील तर त्यांना तेवढंही मिळालेलं नाही. तुमची मैत्री त्यांना चैन वाटत असेल तर त्यात नवल नाही.

पैशांबद्दल. तुम्ही लिहिलंय, 'माझेच पैसे होते, मागितले तर काय चुकलं?' मागितलेत यात काही चूक नाही. पण त्यानं ते आठ दिवसांत परत केले. म्हणजे कुठून तरी उभे केले. कोणाकडून, काय मोडून, ते तुम्हाला माहीत नाही. आणि तुम्ही ते मेसेजवर मागितलेत. ज्या माणसाच्या खोलीचं दार तुम्ही कधी वाजवलंही नाहीत, थेट आत गेलात, त्याच्याकडे बँकेसारखी सूचना पोचली. माझा अंदाज असा, की त्याला पैशांचं दुःख नाही, त्या चार ओळींचं आहे. तुम्हाला समोरासमोर मागायची लाज वाटली म्हणून मेसेज केला असणार. त्यानं तो कोरडेपणा म्हणून वाचला असणार. माझ्याकडे येणाऱ्या तुटलेल्या मैत्र्यांत मोठा विश्वासघात फार कमी वेळा सापडतो. बहुतेकींत एक अवघड गोष्ट सोप्या मार्गानं केलेली असते.

मला हे कसं माहीत, तर मी स्वतः केलंय. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीची आई शेवटच्या आजारात होती. मी गेले नाही. कामं होती, पावसाळा होता, ती कांदिवलीला. मी फोनवर तिला समजावत राहिले, दुःखाला वाट करून दे, स्वतःची काळजी घे, वगैरे. तिनं एकदा ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'तू माझ्याशी पेशंटसारखं बोलू नकोस. यायचं असेल तर ये.' मला राग आला. आई गेली तेव्हाही मी उशिराच पोचले. त्यानंतर सहा वर्षं आम्ही फक्त दिवाळीला एकमेकींना शुभेच्छा पाठवल्या, आणि त्या इतक्या नीटनेटक्या असायच्या की वाचवत नसत. सहाव्या वर्षी मी एका साध्या मंगळवारी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. तयारी केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. ती म्हणाली, 'चप्पल काढ, लादी पुसलीय.' माफीचं बोलणं त्या दिवशी झालंच नाही. दोन-तीन महिन्यांनी झालं, भाजी निवडताना, तेही तिनंच काढलं म्हणून.

त्यावरून आणि पुढे इतरांसोबत काम करताना जे शिकले ते सांगते. मध्यस्थ घालू नका. चाळीतला तिसरा कोणी 'तुमचं जुळवून देतो' म्हणाला की दोघांनाही आपापली बाजू राखावी लागते. सणाचा दिवस निवडू नका. सणाला माणूस रीत म्हणून गोड बोलतो आणि दोघांनाही कळत नाही की खरंच काही सुटलं का. पैशांचा विषय तुम्ही आपणहून पहिल्या भेटीत काढू नका. त्यानं काढला तर एकच वाक्य पुरे, 'मी तसे मागायला नको होते.' त्यानंतर 'पण' आला की नऊ वर्षं पुन्हा पहिल्यापासून. तुमची तेव्हाची अडचण खरी असेल, ती त्याला कधीतरी कळेल, न कळली तरी चालेल.

तो दार उघडणार नाही, हेही होऊ शकतं. नऊ वर्षांत त्याचंही काही झालं असेल, आजार, घरातलं कोणी जाणं. काही माणसं राग सोडतच नाहीत, आणि त्यांना तो हक्क आहे. तसं झालं तर तुम्ही गेलात एवढंच तुमच्या पदरी. ते कमी वाटेल, पण न जाता पेपरातल्या फोटोत चेहरे शोधण्यापेक्षा बरं. एक अपवाद मात्र सांगायला हवा. कोणी वाचणारा म्हणेल, माझा जुना मित्र दारू पाजायचा, चार लोकांत पाणउतारा करायचा, पैसे बुडवायचा, तर त्याच्याकडेही जाऊ का? नको. जुनं आहे म्हणून सगळंच जपायचं नसतं. तुमचा तसा नाही. त्यानं पैसे आठ दिवसांत दिलेत.

सोळा जणांचंही काही तरी करा, पण सोळांचं नको. ज्या दोघांची उणीव खरंच जाणवते ते निवडा. त्यांना 'भेटू कधीतरी' म्हणू नका, या वाक्यावर मुंबईत आजवर कोणी भेटलेलं नाही. वार सांगा, वेळ सांगा, जागा सांगा. महिन्याचा पहिला शनिवार, सकाळी आठ, डोंबिवलीत स्टेशनजवळचं तुमचं नेहमीचं चहाचं दुकान. कोणी येवो न येवो, तुम्ही तिथे असायचं. सहा महिने हे पाळा. भेटीला फुरसत लागते ही आपली समजूत आहे. लागतो तो वार. रेल्वेनं एकतीस वर्षं तेच तर केलं. तुमच्या मनात त्यांच्याबद्दल काय आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं, ती फक्त वेळेवर येत होती. निदान बऱ्याचदा.

आणखी एक चौकशी, ही माझ्या कामाचा भाग म्हणून. निवृत्तीनंतरचं हे वर्ष नाजूक असतं. पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप न लागणं, भूक मरणं, वजन उतरणं, कशातच मन न लागणं, 'आपण असून नसून सारखेच' असे विचार, यातलं काही दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर मित्राकडे जाण्याआधी डॉक्टरांकडे जा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. घरून निघवत नसेल तर तिथून सुरुवात करा. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही, पण पत्रावरून निदान करायचं नसतं.

शेवटी तुम्ही विचारलंय, 'जायचं ठरवलं तर काय सांगून जाऊ?' याचं उत्तर आपल्या रीतीतच आहे. त्याला चावी मिळाली असेल तर घर बघायला जा. नव्या घरी जाण्यासाठी आपल्याकडे आमंत्रण लागत नाही आणि आलेल्याला कोणी 'का आलात' विचारत नाही. नारळ न्या, त्याच्या बायकोला काय आवडतं ते आठवत असेल तर ते न्या. पत्नींना सोबत न्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी म्हणेन पहिल्यांदा एकटेच जा. आणि त्याला अजून घर मिळालेलं नसेल, तो भाड्याच्या घरात असेल, तर चाळीत कोणालाही विचारा, पत्ता पाचव्या मिनिटाला मिळेल. आधी मेसेज करू नका. या एका माणसाला तर कधीच नको.

फक्त तिथे आता मधला पॅसेज नाही. टॉवर आहे, खाली वॉचमन आहे, वही आहे. वहीत पूर्ण नाव लिहा, ते लिहावंच लागतं. पण इंटरकॉमचा फोन उचलून वॉचमन विचारेल, 'कोण आलंय म्हणून सांगू?' तेव्हा त्याला ते एकतीस वर्षं ऑफिसात चाललेलं नाव सांगू नका. चाळीतलं सांगा.